फौजीच्या घराने काय ओळखायचं, काय विचारायचं आणि कुणाला फोन करायचा

घरातल्या कुणाची आत्ता, या घडीला काळजी वाटतेय म्हणून तुम्ही हे उघडलं असेल, तर बाकीचं नंतर वाचा. माणूस समोर असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावा. तो दूर ड्युटीवर असेल तर एकाने त्याला फोनवर बोलतं ठेवायचं आणि दुसऱ्याने दुसऱ्या फोनवरून त्याच्या पलटणीला कळवायचं. आणि जीव संपवण्याचे विचार तुमच्याच मनात येत असतील तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात सुरू झाला. त्यामुळे आपण फौजेतले आहोत किंवा फौजीच्या घरचे आहोत, हे फोनवर सुरुवातीलाच सांगा.

आता सविस्तर. मी लष्करी रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात नर्सिंग असिस्टंट म्हणून काम केलं आणि निवृत्तीनंतर कुडाळजवळच्या गावी राहतो. आपल्या कोकणाला फौज नवी नाही. महाड-पोलादपूरपासून मंडणगड, खेड, सावंतवाडीपर्यंत अशी गावं आहेत की घराघरात वर्दीतला फोटो लटकलेला असतो. दापोलीला तर अजून कॅम्प दापोली म्हणतात, कारण इंग्रजांच्या काळात पेन्शनीत निघालेले शिपाई तिथे वस्ती करून राहिले. या परंपरेचा अभिमान मलाही आहे. पण याच अभिमानापायी आपली मुलं त्रास सांगत नाहीत आणि घरचे विचारत नाहीत. वॉर्डात मी पाहिलं ते असं की बदल सगळ्यात आधी घराला कळलेला असायचा. आईला, बायकोला, धाकट्या भावाला. फक्त त्याचं करायचं काय, हे कुणी त्यांना सांगितलेलं नसायचं.

फोनवर काय ऐकायचं

जवान घरी दिसतो तो सुट्टीपुरता. बाकी वर्षभर तो आपल्याला आवाजातूनच कळतो. रोज रात्री आठ-साडेआठला येणारा फोन घ्या. आई विचारते, "बाबू, कसो आसस?" तो म्हणतो, "काय नाय गे आये, बरो आसंय. तू जेवलंस?" हे वर्षानुवर्षं असंच चालतं. पण पूर्वी त्यानंतर तो पोरीला फोन द्यायला सांगायचा, म्हशीचं विचारायचा, कलमांना मोहर आला का विचारायचा. आता तो यातलं काहीच विचारत नाही. फोन दोन मिनिटांत संपतो, किंवा रात्री एक वाजता येतो आणि नुसता चालू राहतो. हा फरक लक्षात ठेवा.

एखाददुसरा वाईट दिवस सगळ्यांचा असतो. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त तेच चाललं असेल तर ते गंभीर घ्यायचं. झोप उडणं, भूक मरणं, कारण नसताना खेकसणं, कॅन्टीनची बाटली रोजची होणं, ऑनलाइन रमी किंवा लोन ॲपमध्ये अडकणं, मित्रांचे फोन न उचलणं, ही लक्षणं सर्वांना माहीत असतात. त्याहून महत्त्वाची आहेत ती बोलण्यातली. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास", "मी नसलो तरी तुमचं चालेल", "यातून काय सुटका दिसत नाय." असं वाक्य एकदाच आलं तरी ते ऐकून सोडून द्यायचं नाही.

विम्याचे कागद कुठे आहेत, बँकेचा नॉमिनी कोण, हे फौजी सांगून ठेवतातच. फील्ड एरियात जाण्याआधी तर नक्की. तेवढ्यावरून घाबरू नका. पण काही कारण नसताना तो सगळं आवरायला लागला, आवडीची वस्तू देऊन टाकायला लागला, जुन्या भांडणांची माफी मागत सुटला, किंवा महिनाभर तळमळणारा माणूस अचानक एकदम शांत वाटायला लागला, तर त्याच दिवशी त्याच्याशी बोला. उद्यावर टाकू नका.

घरातून त्याच्यापर्यंत जाणारं ओझं

जवानांच्या आत्महत्यांमागची कारणं म्हणून सरकारने संसदेत जी सांगितली आहेत, त्यात घरगुती प्रश्न, नवरा-बायकोतला तणाव आणि पैशांची अडचण ही पुन्हा पुन्हा येतात. नोकरीतला ताण, झोपेची ओढाताण, वरिष्ठांशी न पटणं हेही असतं आणि ते फौजेने सोडवायचं आहे. पण घरचा भाग आपल्या हातात आहे.

कोकणात तो बहुतेक वेळा जमिनीचा असतो. सामाईक सातबारा, चुलत्याने सरकवलेला गडगा, कलमांच्या बागेचा हिस्सा, पाणंदीवरून भांडण. गावात सकाळी बाचाबाची होते आणि रात्री ती जशीच्या तशी दोन हजार किलोमीटरवरच्या चौकीत पोचते. तिथे त्याला ना तलाठ्याकडे जाता येतं, ना चुलत्याशी बोलता येतं. हातात काही नाही आणि डोक्यात सगळं, अशा अवस्थेत तो पहाऱ्यावर उभा राहतो. सासू-सुनेचं भांडणही असंच. दोघी त्याला वेगवेगळे फोन करतात आणि दोघींना वाटतं त्याने आपली बाजू घ्यावी.

यावर माझ्या पाहण्यात टिकलेला उपाय साधा आहे. घरातला एकच माणूस ठरवायचा, जो अडचणीच्या गोष्टी जवानाला सांगेल. रात्रीच्या फोनवर नाही, तर आधी ठरलेल्या दिवशी, तो ड्युटीवरून मोकळा असताना. सांगताना दोन गोष्टी एकत्र सांगायच्या: काय झालं, आणि आपण काय करतोय. "काकांनी हद्द सरकवलीय, आम्ही मोजणीसाठी अर्ज दिलाय, तुझी सही लागेल तेव्हा सांगतो." त्याच्यापासून लपवू नका. नंतर दुसऱ्याकडून कळलं तर त्याचा घरावरचा विश्वास जातो.

जमिनीच्या वादात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, तिन्ही जिल्ह्यांत हे कार्यालय आहे. जवानाने आपल्या कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवण्याची रीतही चालत आलेली आहे, तिचा वापर करा. कोर्टात दावा पडला असेल तर वकिलाला भारतीय सैनिक (दावे) कायदा, १९२५ बघायला सांगा. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाच्या पाठीमागे निकाल लागू नये, यासाठीच तो केलेला आहे. आपल्यामागे कायदा उभा आहे एवढं समजलं तरी पुष्कळांच्या डोक्यावरचा भार कमी होतो.

थेट विचारा

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवतो. आत्महत्येचं नाव काढलं तर त्याच्या डोक्यात तो विचार भरेल, अशी भीती जवळपास प्रत्येक घरात असते. ती खरी नाही. यावर जगभर अभ्यास झालेत आणि विचारल्याने धोका वाढत नाही, हे त्यातून स्पष्ट झालंय. उलट, कुणीतरी नाव घेऊन विचारल्यावर माणसाच्या छातीवरचा दगड उतरतो. मी ते समोर बसून पाहिलं आहे.

विचारायचं कसं? आधी जे दिसलं ते सांगा, मग विचारा. "दादा, महिनाभर तुझी झोप नाही, तू नीट बोलत नाहीस. मला काळजी वाटते. तुला कधी जगूच नये असं वाटतं का?" हो म्हणाला तर थांबू नका. "जीव द्यायचा विचार मनात येतो का? कसं करायचं, कधी करायचं, असं काही ठरवलंयस का? आधी कधी प्रयत्न केला होतास का?" या क्रमाने पुढे जा. नुसतं जगणं नकोसं वाटणं आणि बेत ठरलेला असणं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. बेत ठरलेला असेल, साधन हाताशी असेल, तर ती आणीबाणी आहे.

उत्तर ऐकताना गप्प बसता आलं पाहिजे. "असं बोलू नकोस", "पोरांचा तरी विचार कर", "तू फौजी ना रे, खचतोस काय", "लोक काय म्हणतील" ही वाक्यं आपल्या तोंडी आपोआप येतात. प्रेमातूनच येतात. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की इथे बोलून उपयोग नाही. त्याऐवजी म्हणा: "बरं झालं मला सांगितलंस. तुला किती जड जात असेल. आपण दोघं मिळून यातून वाट काढू. आज रात्री मी फोनवर आहे." आणि कुणाला सांगणार नाही, अशी शपथ घालून घेऊ नका. त्याने गळ घातली तरी स्पष्ट सांगा, "तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला मी सांगणार, पण तुला सांगून सांगणार."

पलटणीला कसं कळवायचं

यासाठी तयारी आजच करा, सगळं ठीक असतानाच. वहीच्या एका पानावर लिहून ठेवा: जवानाचा आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, कंपनी, युनिट, त्याच्या जवळच्या दोन साथीदारांचे मोबाईल, कंपनीच्या सुभेदारसाहेबांचा नंबर. सुट्टीवर आला की त्याच्याकडूनच भरून घ्या. पान देव्हाऱ्याच्या फळीवर किंवा कपाटात ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. युनिट कुठे आहे हे कुठेच लिहू नका.

वेळ आली की आधी जो आत्ता त्याच्या शेजारी पोचू शकतो त्याला फोन करा, म्हणजे त्याचा साथीदार. लगेच दुसरा फोन सुभेदारसाहेबांना किंवा कंपनी कमांडरना. हिंदी मोडकी असली तरी चालेल. घरची माणसं भिऊन आडवळणाने बोलतात, "जरा तब्येत बरी नाही त्याची" म्हणतात, आणि पलीकडच्याला ताप असेल असं वाटतं. तसं करू नका. सांगायचं ते असं: "साहेब, मी नायक अमुक यांची पत्नी. आर्मी नंबर हा. आज साडेनऊला ते मला म्हणाले की त्यांना जगायचं नाही. मला त्यांच्या जिवाची भीती वाटते. त्यांना एकटं ठेवू नका, हत्याराच्या ड्युटीवर लावू नका आणि डॉक्टरसाहेबांना आत्ताच दाखवा." नंतर नाव आणि वेळ लिहून ठेवा: कुणाशी बोललो, काय म्हणाले. अर्ध्या तासाने पुन्हा फोन करा. पुन्हा फोन केल्याचा कुणी राग धरत नाही, धरला तर धरू दे.

पलटणीत मदतीचे रस्ते असतात. रेजिमेंटचे डॉक्टर म्हणजे आरएमओ, समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेले जवान आणि जेसीओ म्हणजे सुभेदारांसारखे अधिकारी, मंदिरातले पंडितजी म्हणजे धर्मशिक्षक, महिन्याचं सैनिक संमेलन, आणि थेट सीओसाहेबांची, म्हणजे कमांडिंग ऑफिसरची, मुलाखत मागण्याचा हक्क. साधारण त्रास असेल तर जवानाने स्वतः एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जाऊन "झोप येत नाही" एवढं म्हटलं तरी पुरे. तिथून बोलणं पुढे जातं. "वेडा ठरेन" या भीतीने ज्याला सरळ सांगता येत नाही, त्याला मी हीच वाट दाखवतो.

कॅटेगरीची भीती

"कॅटेगरी पडेल" या भीतीने जितकी माणसं गप्प बसली, तितकी दुसऱ्या कशाने बसली नसतील. म्हणून खरं ते सांगतो. फौजेच्या वैद्यकीय वर्गवारीत मनाच्या आरोग्याचा वेगळा रकाना असतो. आजार निघाला तर तात्पुरती कॅटेगरी कमी होते, हत्यारापासून लांब ठेवतात आणि पोस्टिंग-प्रमोशनवर परिणाम होऊ शकतो. होत नाही असं मी म्हणणार नाही. पण ती ठरावीक काळाने पुन्हा तपासली जाते. उपचार घेऊन पूर्ववत ड्युटीवर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. लवकर आलेल्याला बरं व्हायला वेळ कमी लागतो. उशीर झालेल्याचंच नुकसान जास्त होतं.

कायद्याचंही सांगायला हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंडसंहितेतलं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलं नाही. सेवेतल्या जवानाला मात्र आर्मी ॲक्ट, १९५० लागू असतो आणि त्याच्या कलम ६४ मध्ये प्रयत्नाचा उल्लेख आहे. हे कलम बदलायला हवं, असं माझं मत आहे. पण विचार येतात हे डॉक्टरला सांगणं कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही. प्रयत्न झालाच, तर कायद्याच्या भीतीने घरात लपवून ठेवू नका. आधी दवाखाना.

डॉक्टर, देव आणि रत्नागिरी

आपल्याकडे थट्टेत सर्रास म्हणतात, "ह्याका रत्नागिरीक न्हेवक व्हयो." राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, त्यावरून ही थट्टा. या थट्टेपायी माणसं मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात जायला लाजतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयातही बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येतं. केसपेपर काढायचा, बोलायचं, औषध घेऊन घरी यायचं. भरती व्हावं लागणारे थोडे असतात.

गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला. कौल लावायचा असेल तर लावा. रवळनाथाला, सातेरीला हात जोडून मनाला बरं वाटतं, आणि गुरवाशी बोलताना कितीतरी जण पहिल्यांदा मोकळे होतात. माझी विनंती एवढीच की कौलाची वाट बघत डॉक्टरची भेट पुढे ढकलू नका. दोन्ही एकाच दिवशी होतं.

सुट्टीवर असताना त्रास वाढला तर जवळचं लष्करी रुग्णालय गाठायचं. सिंधुदुर्गातून बेळगाव जवळ पडतं, उत्तरेकडून पुणे किंवा मुंबई. नौदलातल्यांसाठी मुंबईत अश्विनी, गोव्यात जीवंती. तिथवर जाण्याइतका वेळ नसेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखल करा, कागद नीट ठेवा आणि सुट्टी संपायच्या आत पलटणीला कळवा. नाहीतर तो ओएसएल, म्हणजे सुट्टी संपूनही हजर न झालेला, लागतो आणि आजारात नवी भर पडते.

औषधं सुरू झाली की दोन-चार आठवडे फरक दिसत नाही. हेच दिवस धीराचे. मधेच बंद करायची नाहीत, सोबत दारू नाही, आणि या काळात घरच्यांनी जास्त जवळ राहायचं.

सुट्टीत घर कसं ठेवायचं

गणपतीला किंवा शिमग्याला तो येतो तेव्हा पहिले चार दिवस त्याला झोपू द्या. वाद, कर्ज, लग्नाची बोलणी नंतर. सुट्टी संपत आली की पोटात गोळा येतो, कुडाळच्या किंवा चिपळूणच्या फलाटावर तो दिसतोच. परतल्यावरचे पहिले काही दिवस फोन चुकवू नका.

काळजीची स्थिती असेल तर घरातली घातक साधनं हलवा. आत्महत्येची ऊर्मी बऱ्याचदा लाटेसारखी येते आणि ओसरते, त्या वेळात साधन हाताशी नसलं की जीव वाचतो. शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात विचारून तिथे रीतसर जमा करा. कलमांच्या फवारणीची औषधं घरात ठेवू नका, शेजाऱ्याच्या मांगरात कुलपात ठेवा. गोळ्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात द्या. हे त्याला विश्वासात घेऊन करा: "तुला बरं वाटेपर्यंत."

आणि त्याच्यासोबत बसून एक कागद लिहा. मानसोपचारात याला सेफ्टी प्लॅन म्हणतात. कागद त्याच्या शब्दांत हवा. एकाने लिहिलेला असा होता: "रात्री दोनला जाग येऊन छातीत धडधड सुरू झाली, की समजायचं. उठून अंगणात यायचं, तोंड धुवायचं, भजनाची कॅसेट लावायची. नाही जमलं तर तात्यांना उठवायचं, काही न बोलता बसलो तरी चालेल. मग बायकोला सांगायचं. मग १४४१६. मग दवाखाना." शेवटी त्याने जगण्याची कारणं लिहिली होती. पहिलं पोरीचं नाव, दुसरं पडवीचं अर्धवट राहिलेलं काम. कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायचा, म्हणजे पलटणीतही बरोबर राहतो.

पेन्शनीत आल्यावर

निवृत्त माणसाकडे आपलं लक्षच नसतं. चाळिशीच्या आतबाहेर तो गावी येतो. मुलं शिकायला मुंबईला, जुने मित्र चाकरमानी, पावसाळ्यात चार महिने अंगणाबाहेर माणूस दिसत नाही. कालपर्यंत तीस माणसं हुकमात होती, आज सिक्युरिटीच्या नोकरीचा अर्ज भरायचा. अग्निपथ योजना २०२२ ला आली. त्यातले अग्निवीर चार वर्षांनी परत येतील तेव्हा बहुतेक पंचविशीच्या आसपासचे असतील, आणि पुढे कायम होणार जास्तीत जास्त चारातला एक. त्यांना "काय रे, घेतलं नाय काय तुला?" असं हटकू नका. काम शोधायला मदत करा.

पेन्शनधारकांना आणि त्यांच्या कुटुंबाला ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराची चिठ्ठी मिळते. कार्ड काढलं नसेल तर काढा. स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर पेन्शन अडकली असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पैशाची चिंता मिटली की अर्धी झोप परत येते. आणि गावातल्या माजी सैनिकांनी आपसात ठरवून घ्यावं की महिन्याच्या बैठकीला जो दोनदा आला नाही, त्याच्या घरी कुणीतरी जायचं. जाऊन चहा प्यायचा आणि वर लिहिलेला प्रश्न विचारायचा.

प्रयत्न होऊन माणूस वाचला असेल, तर रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे सर्वांत नाजूक असतात. "तू असं का केलंस?" हा जाब नको. पुढची तपासणी कधी, सोबत कोण जाणार, रात्री जवळ कोण झोपणार, हे आधीच वाटून घ्या. आणि ज्या घरात माणूस गेलाच, तिथे जाताना कारणं विचारू नका, फोटो पुढे पाठवू नका, बायकोकडे बोट दाखवू नका. मुलांना त्यांच्या वयाला झेपेल इतकं खरं सांगा, कारण शाळेत त्यांना दुसरं कुणीतरी सांगणारच. तेरावं झाल्यावर घर रिकामं होतं. तेव्हा जा, पेन्शनचे कागद घेऊन बसा, आणि पुढच्या महिन्यात परत जा.